जागतिक मधुमेह दिनाचं पोस्टर टाकून पेशंट येतात का? क्लिनिकवाल्यांसाठी सोप्या भाषेत

१४ नोव्हेंबरला सकाळी नागपुरातला कोणताही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून बघा, निळ्या गोलाचं पोस्टर असतंच. वर "जागतिक मधुमेह दिनाच्या हार्दिक शुभेच्छा", मधे डॉक्टरांचा फोटो, खाली पत्ता अन "फ्री शुगर चेकअप". धंतोलीतून एक, रामदासपेठेतून चार, सक्करदऱ्यातून दोन, मानेवाड्यातून अजून एक, अन सगळी एकाच साच्यातली, काहून की तयार डिझाइन मिळतं, त्यात फक्त नाव बदलायचं असतं. लोक अंगठा दाखवतात न पुढे सरकतात. महिनाभराने डॉक्टर म्हणतात की हे मार्केटिंग-बिर्केटिंग आपल्या लाइनीत चालत नाही. (आणि आजाराच्या दिवसाला शुभेच्छा देत नसतात, तेवढं तरी आधी काढा, ज्याच्या घरी कोणाचा पाय कापावा लागला आहे त्याला ते वाचून कसं वाटत असेल.)

माझं कामच लहान क्लिनिकांसाठी हे असं लिहायचं, छापायचं, कॅम्प जमवायचं आहे. मला मनापासून वाटतं की या दिवसांचा उपयोग होतो, पेशंटलाही होतो अन क्लिनिकलाही होतो, पण पोस्टरने होत नाही. दिवस म्हणजे बोलायला मिळालेलं निमित्त. त्या निमित्ताने तुम्ही माणसाला एक खरी कामाची गोष्ट दिली अन नंतर त्याची विचारपूस केली, तर तो तुमच्याकडे येतो, नाहीतर नाही. आता हे सगळं नीट उलगडून सांगतो, त्यात कायदा पण येतो अन तो बऱ्याच डॉक्टरांनी नीट वाचलेला नसतो.

आधी हे दिवस येतात कुठून ते. प्रत्येक तारखेमागे काहीतरी असते. १४ नोव्हेंबर हा फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, इन्सुलिनच्या शोधातलं मोठं नाव. १९९१ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ अन जागतिक आरोग्य संघटनेने हा दिवस सुरू केला, २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला. २४ मार्च हा क्षयरोग दिन, काहून की १८८२ मध्ये त्या तारखेला रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. ७ एप्रिल आरोग्य दिन, १७ मे ब्लडप्रेशर, ३१ मे तंबाखू, १९ जून सिकलसेल (लाल रक्तपेशींचा, आई-बापाकडून येणारा आजार), २९ सप्टेंबर हृदय. काही दिवसांची तारीख दरवर्षी बदलते, जसा किडनीचा दिवस मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचं पोस्टर तारीख न बदलता टाकलं की चूक होते, अन होतेच. या दिवसांचा फायदा काय, तर त्या आठवड्यात पेपर, आकाशवाणी, शाळा, महापालिका सगळेच त्या आजाराबद्दल बोलून राहिलेले असतात, लोकांच्या कानावर ते दोन-तीनदा पडलेलं असतं, म्हणजे एरवी तुम्ही ब्लडप्रेशरबद्दल सांगायला गेलात तर समोरचा म्हणतो मला काय झालं, त्या आठवड्यात म्हणतो की हो, वाचलं होतं, चला बघून घेऊ.

आता कायदा, आणि इथे जरा थांबून वाचा. आपल्याकडे अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरला जाहिरात करून पेशंट ओढता येत नाही. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत सरळ लिहिलं आहे की प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे पेशंट मिळवण्यासाठी केलेली जाहिरात अनैतिक आहे. परवानगी कशाला, तर नवीन प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी होतो आता परत आलो, फी किती आहे, असं साधं निवेदन छापायला. केलेली ऑपरेशनं, बऱ्या केलेल्या केसेस यांची बढाई मारायची नाही, दुसऱ्याकडून छापूनही आणायची नाही. पाटीवर अन लेटरहेडवर स्वतःचा फोटो पण स्वतःची जाहिरातच धरतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवीन नियम आणले होते, त्यात सोशल मीडियाबद्दल वेगळं सांगितलं होतं, पण तीनेक आठवड्यांतच ते स्थगित झाले अन २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. म्हणून कोणी "नवीन नियमात चालते" असं सांगितलं तर आधी कोणता नियम ते विचारा.

मग करायचं काय? त्याच आचारसंहितेत एक दार उघडं ठेवलेलं आहे अन माझं सगळं काम त्या दारातूनच चालते. सार्वजनिक आरोग्य अन निरोगी राहणी या विषयांवर डॉक्टर स्वतःच्या नावाने पेपरात लिहू शकतो, व्याख्यान देऊ शकतो, रेडिओ, टीव्ही, इंटरनेटवर बोलू शकतो. म्हणजे "ब्लडप्रेशर घरी कसं मोजायचं" हा लेख चालतो, "ब्लडप्रेशरवर विदर्भातले नंबर एकचे तज्ज्ञ" हे चालत नाही. पहिल्याने लोकांचं भलं होते, दुसऱ्याने फक्त तुमचं नाव होते. नर्सिंग होम किंवा हॉस्पिटल या संस्थेची जाहिरात करता येते, पण तिच्यात नाव, कोणत्या प्रकारचे पेशंट घेतात, सोयी काय अन फी किती एवढंच, त्याच्या पुढे नाही. आणखी एक जुना कायदा आहे, १९५४ चा, औषधं अन चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या यादीत मधुमेह, कॅन्सर, ब्लडप्रेशर असे बरेच आजार आहेत, त्यावर औषधाने हमखास बरं करतो अशी जाहिरात म्हणजे गुन्हा. मधुमेह दिनाला "मधुमेहापासून कायमची मुक्ती" असे बोर्ड लागतात न, ते वाचून काळजीच वाटते, काहून की त्या नादाने इन्सुलिन बंद केलेला माणूस शेवटी सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत पोहोचतो.

दिवस निवडायचे कसे? सगळे करायचे नाहीत. कॅलेंडरमध्ये जवळपास प्रत्येक आठवड्यात काही ना काही असते, सगळ्यांचे पोस्टर टाकले तर लोक तुमचं नाव बघूनच पुढे सरकवतात. आपलं ओपीडीचं रजिस्टर उघडा, वर्षभरात कोण आलं, कशासाठी आलं ते बघा अन त्यातून तीन-चार दिवस काढा. ते दिवस नागपूरचे पाहिजेत. दुसऱ्या देशाच्या पोस्टरमध्ये काय आहे ते आपल्याला काय कामाचं, आपल्याकडे खर्रा आहे, ऊन आहे, सिकलसेल आहे.

खर्ऱ्याचंच घ्या. ३१ मे ला सिगारेट विझवलेल्या हाताचं चित्र टाकून नागपुरात कोणाला काय समजणार, इथे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू अन चुना पन्नीत घोटून घोटून देतात, गालात तो दाबून माणूस दिवसभर काम करतो अन मी तर सिगारेटला हातही लावत नाही म्हणून निश्चिंत असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सवय काही गेली नाही. डेंटिस्टकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे या दिवसासाठी सांगण्यासारखी एक फार चांगली गोष्ट आहे. आरशासमोर उभं राहून आपलीच मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरायची अन तोंडात जातात का बघायचं. जात नसतील, तोंड पहिल्यासारखं उघडत नसेल, तिखट लागलं की आग होत असेल, तर दाखवून घ्यायचं, काहून की सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते अन त्या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. हे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दाखवता येते, पैसे लागत नाहीत, कोणाला घाबरवायची गरज नाही, अन बघणारा माणूस तिथल्या तिथे स्वतःची बोटं तोंडाजवळ नेऊन बघतोच. खाली तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा नंबर द्या, १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो. आपल्या क्लिनिकचा नंबर त्याच्याही खाली, लहान अक्षरात. तुम्ही आधी दुसऱ्याचा नंबर दिला हे लोकांच्या लक्षात राहते.

सिकलसेलबद्दल जरा जास्त लिहितो, कारण विदर्भात हा विषय घराघरातला आहे अन यात चुका झाल्या तर त्या फार लागतात. २०२३ च्या १ जुलैला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. त्यामुळे १९ जूनच्या आसपास तपासणी कॅम्प लागतात अन खासगी क्लिनिकवाल्यांनाही वाटते की आपणही करू. करा, पण आधी एवढं समजून घ्या की कॅम्पात जी पटकन होणारी सॉल्युबिलिटी टेस्ट असते ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं सांगते, माणूस वाहक आहे (म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही) की त्याला आजार आहे हे ती सांगत नाही, त्यासाठी लॅबमध्ये हिमोग्लोबिनची सविस्तर तपासणी, म्हणजे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ती टेस्ट उपयोगाचीच नाही. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला पुढची तपासणी कुठे, कधी, किती पैशात ते तुम्ही आधी ठरवून ठेवलं नसेल तर तो कॅम्प घेऊच नका. पोरीच्या आईला "पॉझिटिव्ह आहे" एवढंच सांगून घरी पाठवलं तर तिचा जीव टांगणीला लागतो अन ती रात्रभर काय काय विचार करते.

दुसरं म्हणजे लग्न. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन. हे लग्नाआधी कळलं तर फार कामाचं, पण हेच जर कॅम्पात सगळ्यांसमोर मोठ्याने नाव घेऊन सांगितलं, किंवा तपासणीची रंगीत कार्डं वाटतानाचा फोटो फेसबुकवर टाकला, तर त्या मुलीचं जमलेलं लग्न मोडते. वाहक म्हणजे आजारी नाही, हे सांगायला वेगळी खुर्ची, पडदा अन बोलायला शांत माणूस पाहिजे. रिपोर्ट बंद पाकिटात. फोटो काढायचाच असेल तर टेबलाचा काढा, बॅनरचा काढा, रांगेतल्या लोकांचा नको. अन अमुक समाजाचा आजार असं कुठेही लिहू नका, बोलू पण नका, त्या शिक्क्यानेच लोक तपासायला येत नाहीत.

तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिकलसेलच्या पेशंटला शरीरात पाणी कमी पडलं की दुखण्याचा झटका येऊ शकतो, आणि आपल्याकडे उन्हाची खरी झळ एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या घरात असतो. दिवस मात्र १९ जूनला. मग फक्त तारखेची वाट कशाला बघायची? मार्चच्या शेवटीच आपल्या यादीतल्या सिकलसेलच्या घरांना एक निरोप जाऊ द्या, की पाण्याची बाटली सोबत ठेवा, दुपारी लग्नाच्या वरातीत पोराला नेऊ नका, ताप आला तर दोन दिवस वाट न बघता या. त्यात हेही सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आजार आहे, प्रमाणपत्रासाठी चौकशी करा, काहून की बऱ्याच घरांना हे माहीतच नसते. असा निरोप मिळालेली आई १९ जूनच्या कार्यक्रमाला शेजारणीला पण घेऊन येते.

आता शुगरचा कॅम्प कसा घ्यायचा ते एकदा जवळून बघू, सगळ्यात जास्त हाच होते न. नोव्हेंबरची सकाळ, अंबाझरी किंवा फुटाळा तलावाजवळ टेबल लावला, फिरायला आलेले काका-काकू थांबले. कोणी उपाशीपोटी आहे, कोणी चहा पिऊन आलं आहे, कोणी तर्री-पोहे खाऊन आलं आहे, अन सगळ्यांच्या चिठ्ठीवर फक्त "शुगर १६२" लिहून दिलं. त्या १६२ चा अर्थ काय लावायचा? उपाशीपोटी असेल तर काळजीचं, खाऊन तासभर झाला असेल तर वेगळं. म्हणून चिठ्ठीवर शेवटचं काय खाल्लं अन किती वाजता, हा रकाना पाहिजेच. त्यात नोव्हेंबर म्हणजे संत्र्याचे दिवस, माणूस संत्रं सोलून खात खात येतो अन तोच हात पुढे करतो. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर मशीन शुगर जास्त दाखवते, सॅनिटायझर चोळून ते नीट जात नाही, पाण्याने हात धुवून कोरडा करावा लागतो. टेबलाशेजारी एक बादली, मग अन स्वच्छ नॅपकिन ठेवला की चांगल्या माणसाला उगाच शुगरवाला म्हणून घरी पाठवण्याचं पाप टळते. शुगर मोजायच्या स्ट्रिपच्या डबीवर किती तापमानात ठेवायची ते लिहिलेलं असते, उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली डबी वापरू नका.

टोचलेल्या सुया अन रक्ताचा कापूस हा पण विषय आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत कॅम्प पण येतात, बागेत घेतला म्हणून सूट नाही. सुया आरपार जाणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, कापूस पिवळ्या पिशवीत, अन दोन्ही परत क्लिनिकला आणून नेहमीच्या गाडीला द्यायचं. बागेच्या कचरापेटीत टाकलेली एक सुई सफाईवाल्या ताईच्या हाताला लागली तर आपल्या जनजागृतीला काही अर्थ राहत नाही. सोनोग्राफी मशीन कॅम्पात नेण्याचा विचार तर करूच नका, गर्भलिंग निदान बंदीच्या पीसीपीएनडीटी कायद्यात ती नोंदणीच्या जागेशी बांधलेली असते.

अन ब्लडप्रेशर मोजायचं असेल तर खुर्च्या जास्त ठेवा. चालत आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पट्टा बांधून आकडा सांगायचा नाही, पाच मिनिटं बसवायचं, गालात खर्रा असेल तर आधी थुंकायला लावून अर्धा तास थांबवायचं. गर्दी कमी होईल, होऊ द्या. खोटे शंभर आकडे वाटण्यापेक्षा खरे तीस बरे.

कॅम्पच्या आकड्यावरून निदान करायचं नाही, हे स्टाफला पाठ करून ठेवा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर, किंवा एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ६.५ किंवा वर, आणि तेही त्रास नसेल तर दुसऱ्यांदा तपासून, तेव्हा डायबेटिस म्हणतात. आणि इथे परत सिकलसेल आडवा येतो, ज्याला तो आजार आहे त्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटी कमी दिसू शकते. नागपुरात कॅम्पच्या फॉर्मवर "घरी कोणाला सिकलसेल आहे का" हा प्रश्न म्हणूनच ठेवा.

आता खरं मार्केटिंग सुरू होते, अन ते १५ नोव्हेंबरला सुरू होते. ज्यांची शुगर जास्त आली त्यांना तीन-चार दिवसांत फोन जायला पाहिजे. मेसेज नको, निदान आकडा लिहिलेला मेसेज नको, घरात एकच मोबाईल असतो, तो पोराच्या हातात असतो. फोनवर साधं बोलायचं, "काकाजी, त्या दिवशी बागेत तपासलं होतं न, आकडा जरा जास्त होता, त्याच्यावरून बिमारी आहे असं पक्कं म्हणता येत नाही, एकदा उपाशीपोटी करून घ्या, घराजवळच्या कोणत्याही लॅबमध्ये चालते, सरकारी मेडिकल, मेयोमध्येही होते. रिपोर्ट आला की काही समजलं नाही तर फोन करा जी." बस एवढंच. आमच्याकडेच या असं म्हणायचं नाही. समोरून विचारतात, "तुमच्याकडे केव्हा यायचं जी?" ज्याने आपल्याला अडकवलं नाही त्याच्याकडेच माणूस जातो, हे मी परत परत बघितलं आहे. फोनसाठी कॅम्पात नंबर घेतानाच लिहून परवानगी घ्या की फक्त या तपासणीबद्दल फोन करू, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, अन तो नसता तरी एखाद्याचा शुगरचा आकडा घेऊन त्याला दिवाळी ऑफरचे मेसेज पाठवणं बरोबर नाही.

औषध कंपनीचा माणूस येतो, स्ट्रिपा देतो, बॅनर देतो, म्हणतो सर तुम्ही फक्त बसा. मोह होतो, खर्च वाचतो. पण बॅनरवर कंपनीच्या गोळीचं नाव अन त्याच्या खाली तुमचं नाव असेल तर ती त्या औषधाची शिफारस झाली, अन आचारसंहिता अशी शिफारस करू देत नाही. लहान क्लिनिकने स्वतःच्या पैशाने दोन डब्या स्ट्रिप आणून छोटा कॅम्प घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

फायदा झाला की नाही हे मोजायचं कसं? लाइक सोडा. कॅम्पात किती तपासले, त्यातल्या किती जणांना पुढच्या तपासणीची गरज होती, त्यातल्या किती जणांनी ती कुठेही करून घेतली, हे तीन आकडे वहीत लिहा. चौथा आकडा, त्यातले किती आपल्याकडे आले. चौथा आकडा कमी असला अन तिसरा चांगला असला तरी पुढच्या वर्षी कॅम्प घ्या. तिसराच कमी असेल तर फोन करणारं माणूस बदला किंवा फोनची वेळ बदला, दुपारी दोनला कोणी उचलत नाही.

आणि रिसेप्शनवरच्या ताईला आठवडाभर आधी सगळं सांगून ठेवा. पेपरात लेख येतो, व्हिडिओ फिरतो, मग फोन येतो अन ती म्हणते मला माहीत नाही, सर आल्यावर विचारा. तिच्या टेबलावर एक कागद पाहिजे, तपासणी कोणत्या दिवशी, किती ते किती, उपाशीपोटी यायचं की नाही, फुकट काय आहे अन पैसे कशाचे लागतील, जुने रिपोर्ट आणायचे का, सोबत कोणी पाहिजे का. पैशाचं तर पहिल्याच वाक्यात सांगायला लावा, काहून की फोन करणारा तेच विचारायला लाजून राहिलेला असतो.